दारं अजून ओली आहेत

जव्हार
९ मे २०२४

विहीणबाईंना जयवंतीचा नमस्कार पोचावा.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन करून करून मी थकले. तुमच्या पाड्यावर पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज नाही, आणि मिळाली तरी निम्मं बोलणं 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच जातं. मी शाळेत कारकून, जन्मभर पत्रंच लिहीत आले. फक्त ती कुणी मनापासून वाचली नाहीत. तुमचं अक्षर लग्नात आहेराच्या पाकिटांवर पाहिलं होतं, माझ्याहून सुरेख आहे. तेव्हा उत्तर लिहायला आळस करू नका. चंदूची जीप मोखाड्याचा बाजार करून तुमच्या पाड्यापर्यंत येतेच. तो नेईल आणि आणील.

आता कामाचं. आमच्या जव्हारात मे महिना म्हणजे बदल्यांचा. ज्याची बदली होते तो कपाट मागे सोडून जातो. घाटातून ते खाली नेण्यापेक्षा नव्या गावात दुसऱ्या बदलीवाल्याचं घेतलेलं बरं पडतं. निम्म्या गावाची कपाटं अशी फिरून फिरून आलेली आहेत, आणि घरात आलं की प्रत्येक जण पहिलं काम एकच करतो, त्याला आपला रंग देतो. आमच्या गल्लीतले एक साहेब गेले, त्यांचं जाळीचं कपाट मी घेतलं. वर जाळीची दोन दारं, मध्ये ओढायचे दोन खण, खाली लाकडी दारं. सागवान आहे, पण वरचा रंग बघवत नाही. ठाण्याच्या खोलीत आपल्या पोरांची भांडी लग्नापासून खोक्यात आहेत. कपाट रंगवून दिवाळीला त्यांच्याकडे पोचतं करू, असं मनात आहे.

अख्खं कपाट जीपमध्ये मावत नाही. म्हणून सांगाडा मी रंगवते, दारं आणि खण तुमच्याकडे पाठवते. तुमचं घर दरवर्षी बोहाड्याच्या जत्रेतल्या मुखवट्यांना रंग देणारं, तुमच्या घरच्या हाताला सवय आहे. रंग पिस्ता ठरवू. हातगाडीवरून कपाट उतरवताना आम्ही, म्हणजे मी आणि शेजारची तानी, पार वाकून गेलो.

आमच्या नीलेशचा फोन असतो अधूनमधून. दोघं मजेत आहेत म्हणतो. कामाचा तेवढा ताण आहे.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसा खणही रिकामा पाठवू नये. म्हणून दोन्ही खणांत सुकट घातली आहे. मांजर सांभाळा.

तुमची,
जयवंती


वडपाडा, ता. मोखाडा
१९ मे २०२४

विहीणबाई,
पारूचा नमस्कार घ्या.

दारं आणि खण मिळाले. चंदूने दारं जीपच्या टपावर नुसती ठेवली होती, बांधलीसुद्धा नव्हती. त्याला बोलले तर हसतो. सुकटीचा वास पाड्याच्या वेशीपासूनच आला असं सगळे म्हणाले. आम्हा दोघींना फार आवडते. दोघी म्हणजे मी आणि शेजारची पोशी.

मी सातवीपर्यंत आश्रमशाळेत होते. त्यानंतर लिहायचा प्रसंग आला तो सही आणि आहेराच्या पाकिटांपुरता. चुका दिसल्या तर सोडून द्या.

इकडे पाण्याचे हाल आहेत. टँकर येतो त्या दिवशी सगळी बाकीची कामं सोडून हंडे लावायचे. रंगाचे हात धुवायला पाणी कुठून आणायचं, म्हणून लगेच काम धरता येणार नाही. माझा उजवा खांदाही वर जात नाही. जव्हारच्या डॉक्टरने परत दाखवायला सांगितलं होतं, पण जाणं होत नाही. तरी करू सावकाश.

कवितेचे बाबा म्हणाले, विहीणबाईंना एक सांग. मुखवट्यांना दरवर्षी रंगावर रंग चढवला की नाक बुजतं, डोळ्यांच्या कडा बुजतात. मग देवी काय आणि राक्षस काय, एकाच तोंडाचे दिसतात. चार-पाच वर्षांनी यांना सगळे थर खरवडून लाकडापर्यंत जावं लागतं. तेव्हा तुम्ही घाईने वरून पिस्ता मारू नका, आधी खरवडा.

कविता तिकडे रमली आहे. फोन येतो तिचा. जावईबापूंना आमचा नमस्कार सांगा, फोन आला म्हणजे.

तुमची,
पारू


जव्हार
१६ जून २०२४

विहीणबाई,

व्याहीबुवांचं ऐकलं आणि पस्तावले. खरवडायला घेतलं त्याला आता महिना होत आला. शाळेतून आले की चहा, मग काचकागद. वर चॉकलेटी रंग होता. त्याच्याखाली आकाशी, आकाशीच्या खाली गुलाबी, त्याच्याखाली हिरवा, तोही दोन तऱ्हांचा. प्रत्येक थर म्हणजे कुणाचा तरी संसार. कुणी तरी हौसेने डबा आणून, अंगणात वर्तमानपत्रं पसरून रंगवलं असणार. मग बदली आली असेल आणि ते मागे ठेवून गेले असतील. गुलाबी थर फार पातळ होता, लगेच निघाला. त्या बाईला इथे फार दिवस राहायला मिळालं नसावं.

भेगांमध्ये लांबीची पुट्टी भरली, ती वाळली, परत घासली. आता प्रायमर झाला आहे. पाठ धरली आहे. नाकात, केसांत, पोळीच्या पिठात, सगळीकडे ती भुकटी. कधी कधी काचकागद हातातच राहतो आणि वाटतं, हे मी कुणासाठी करते आहे? मग परत घासायला लागते.

एक विचारू का? कविता जेवते ना नीट? तुमच्याशी फोनवर बोलते तेव्हा तिचा आवाज कसा असतो? आपली सहज चौकशी.

पिस्ता रंगाचा डबा मी इथून घेतला. तुम्ही मोखाड्यातून तसाच घ्या, फरक पडायला नको. पावसाच्या आधी पहिला हात झाला तर बरं.

तुमची,
जयवंती


वडपाडा
१४ जुलै २०२४

विहीणबाई,

उशीर झाला. आवणी चालू आहे. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची, संध्याकाळी सरळ उभं राहता येत नाही. त्यात हा पाऊस. ऑइलपेंट आठ-आठ दिवस चिकटच राहतो. बोट लावलं की ठसा उठतो. खण चुलीवरच्या माळ्याला टांगून वाळवले, धुराचा वास आला तर समजून घ्या.

दोन्ही खण चंदूबरोबर पाठवते आहे. रंग पिस्ता नाही, गेरूसारखा तांबडा आहे. दुकानात पिस्ता नव्हता. दारं अजून व्हायची आहेत.

कविता बरी आहे. जावईबापूंना कंपनीत पावसाळ्याची सुट्टी वगैरे मिळते का?

खणांत नागलीचं पीठ आहे. ताजं दळलेलं आहे.

पारू


जव्हार
२१ जुलै २०२४

विहीणबाई,

आता पुरे करू या. मी थकले, तुम्हीही थकला असाल.

खण मिळाले. पीठ काढून घेतलं, खण खिडकीशी नेऊन बघितले. ब्रशची प्रत्येक ओढ उजवीकडे सुरू होऊन डावीकडे उचललेली आहे. खणाची खालची बाजू, जी कुणी जन्मात बघणार नाही, तीसुद्धा दोन हात देऊन रंगवलेली आहे. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात कविता आठ दिवस माझ्याकडे होती, तेव्हा तिने माझा जुना पाट असाच रंगवला होता, डाव्या हाताने, खालून आधी. तो पाट मी रोज वापरते. तुमचा खांदा वर जात नाही हे तुम्हीच लिहिलं होतं.

आणि खणांवरून कळलं असं म्हणणंही खोटं होईल. मी कपाट घेण्याआधीच चंदूने सांगितलं होतं. "मावशी, ताई तिकडं, दादा इकडं, नि मी मधी," असं म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हटलं आणि घरात येऊन तुम्हाला लिहिलं की पोरं मजेत आहेत. म्हणजे कविता तुमच्याकडे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नीलेश माझ्याकडे आहे, एप्रिलपासून आहे, हे मी लपवत होते. कपाट उतरवताना तानी नव्हती, तोच होता. सांगाडा निम्मा त्यानेच खरवडला आहे. काचकागद घेतो आणि झिजेपर्यंत घासतो.

मी त्याला विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला की कंपनीने काढलं आणि कविता रागावून गेली. माझी खात्री आहे की हे अर्धंच आहे. पूर्ण काय ते कवितेने तुम्हाला सांगितलं असेल तर मला सांगा. माझा मुलगा म्हणून आडपडदा ठेवू नका.

मी हे कपाट घेतलं ते एवढ्याचसाठी. मला वाटलं, एक वस्तू दोन घरांत अर्धी अर्धी असली तर कधीतरी ती जोडायला पोरांना समोरासमोर यावं लागेल. दुसरं काही मला सुचलं नाही. त्यांचा संसार मोडू नये एवढीच इच्छा आहे.

जयवंती


वडपाडा
४ ऑगस्ट २०२४

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. मग बांधावर बसून हसू आलं. चंदूने मलाही पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. आपण दोघी एकमेकींपासून लपवत होतो, आणि अख्ख्या मोखाडा-जव्हार रस्त्याला माहीत होतं.

मी खोटं का लिहिलं ते सांगते. पोर सासरहून निघून आली हे मुलीच्या आईने आपल्या हाताने लिहायचं, हे मला जमलं नाही. तोंडाने एक वेळ बोलले असते.

आता कवितेचं. तुम्ही पूर्ण सांगा म्हणालात म्हणून सांगते. जावईबापूंचं काम दिवाळीतच सुटलं होतं. ते रोज सकाळी डबा घेऊन निघत आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत. कविता अंधारात उठून भाकऱ्या करायची. असं थेट होळीपर्यंत चाललं. एक दिवस ते डबा घरी विसरले. उपाशी राहतील म्हणून ती दोन गाड्या बदलून कंपनीच्या गेटवर गेली. वॉचमन म्हणाला, या नावाचा माणूस दिवाळीपासून येत नाही. ती डबा घेऊन तशीच घरी आली. संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, आज कँटीनमध्ये जेवलो, काम फार होतं. तिने डबा घासून ठेवला. दोन दिवसांनी इकडे आली.

मी तिला म्हटलं, काम तर कुणाचंही सुटतं, त्यात काय एवढं. ती म्हणाली, "आई, काम गेलं त्याचं मना काय नाय. मी रोज विचारायची, आज काय काम केलं. नि तो रोज सांगायचा. मशीन बिघडली, साहेब ओरडला, सगळं. इतकं सगळं त्यानं बसून बसून तयार केलं."

पिस्ता दुकानात होता. तिने घेऊ दिला नाही. ठाण्याच्या खोलीच्या भिंती पिस्ता आहेत, तो रंग मना नको म्हणाली. यांच्याकडे मुखवट्यांचा तांबडा उरला होता, तो घेतला. तुमचा सांगाडा पिस्ता आणि खण तांबडे, हे वाईट दिसणार हे मला कळत होतं.

तुम्ही म्हणता तसं करून बघू. जावईबापूंना दारं न्यायला पाठवा. मी कवितेला सांगणार नाही आणि लपवणारही नाही. जीप दिसेल तेव्हा दिसेल.

पारू


जव्हार
२५ ऑगस्ट २०२४

विहीणबाई,

नीलेश काल अंधार पडल्यावर परत आला, रिकाम्या हाताने. दारं कुठे म्हटलं तर म्हणाला, दारं अजून ओली आहेत. जेवला नाही. सकाळी उठून कपाटाच्या सांगाड्याला दुसरा हात दिला, पिस्त्याचाच, आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन व्यवस्थित पुसून ठेवला. इतका व्यवस्थित की मला भीती वाटली.

तुमच्याकडे काय झालं, कृपा करून लिहा.

जयवंती


वडपाडा
३ सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

लिहायला बसले आणि दोनदा उठले. वाईट काही झालं नाही, म्हणूनच लिहायला कठीण जातं.

जावईबापू आले तेव्हा कविता पडवीत दाराला रंग देत होती. तिने वर पाहिलं आणि ब्रश चालू ठेवला. मी पाणी दिलं. यांनी तंबाखू पुढे केली आणि गुरांकडे निघून गेले. थोड्या वेळाने जावईबापूंनी न विचारता दाराचं दुसरं टोक धरलं, म्हणजे तिला कडा रंगवता याव्यात. दुपारपर्यंत दोघांनी चारही दारं तशीच केली, एकाने धरायचं आणि एकीने रंगवायचं. मी आत चुलीपाशी बसून देवाला काय काय बोलले ते तुम्हाला सांगायला नको.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही. विचारलं, "डबा घेऊन जायचास, तो खायचास कुठं?" ते म्हणाले, एका पुलाखाली सावली होती, तिथं. कधी बागेत. ती म्हणाली, "मना का नाय सांगितलं?" ते म्हणाले, "तू रडली असतीस." ती म्हणाली, "रडले असते. मग आपण दोघं जेवलो असतो."

त्यावर ते म्हणाले की चुकलं. हात जोडले नाहीत, पण खरोखर म्हणाले, मी ऐकलं. कविता म्हणाली, मी रागावले नाय आता. पण तू काही सांगशील तेव्हा मी तुझ्या तोंडाकडं बघत बसेन, खरं का खोटं म्हणून. रोज. मना तसं जगायचं नाय, नि तुलाही मी तसं जगू देणार नाय.

मी मध्ये पडले. म्हटलं, होईल हळूहळू, माणसं विसरतात. माझं दोघांनीही ऐकून घेतलं आणि दोघंही माझ्याकडे एकसारखंच बघत राहिले. तेव्हा मला कळलं की आता ते दोघं एका बाजूला आहेत आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. ते भांडले असते तर मला आशा वाटली असती.

जाताना जावईबापूंनी दारांना बोट लावून बघितलं. ओलीच होती. म्हणून नेली नाहीत. एवढं तरी ते खरंच बोलले.

आपलं कपाट चुकलं नाही, विहीणबाई. त्यांची गाठ पडायला हवी होती, ती पडली. मी यांना म्हटलं, माझंच नशीब खोटं. हे म्हणाले, गप जेव.

पारू


जव्हार
१७ नोव्हेंबर २०२४

पारूबाईंना जयवंतीचा नमस्कार.

वर काय लिहावं यावर बराच वेळ गेला. कालपासून आपण विहिणी नाही. लोक तसं म्हणतात.

काल पंचांच्या पुढे काडी मोडली तेव्हा तुम्ही समोरच्या बाजूला बसला होता. आमच्या बाजूला चहा फिरला, तुमच्यापर्यंत आलाच नाही, हे मी पाहिलं. माझा कप घेऊन उठावं असं फार वाटलं. पण शेजारी दीर बसले होते आणि सगळं बघत होते, म्हणून उठले नाही. त्याची रुखरुख लागून राहिली आहे. काडी अगदी बारीक होती. नीलेशकडून एका झटक्यात मोडली, आणि तो त्या दोन तुकड्यांकडे असा बघत राहिला की कुणी तरी त्याच्या हातातून ते काढून घेतले. कवितेने डोकं वर केलं नाही. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही, काही तरी जेवण्याबद्दल बोलले.

नीलेशला वापीला काम मिळालं आहे. आज सकाळच्या गाडीने गेला. आता रोज फोन करून सांगतो, अमुक ठिकाणी आहे, अमुक जेवलो, आज काम नव्हतं. मी न विचारताच सांगतो. मला ऐकवत नाही, पण मी ऐकते.

आता त्या कपाटाचं. सांगाडा पुढच्या खोलीत उभा आहे, पिस्ता. मध्ये दोन तांबडे खण. वर-खाली दारांच्या जागी भोकं. घरात कुणीही आलं की त्याच्याकडे बघतं आणि मग माझ्याकडे बघतं. कार्यालयात एक नवीन साहेब बदलून आले आहेत, त्यांची बायको विचारून गेली. म्हणाली, द्या, आम्ही वरून आमचा रंग देऊ. मला वाटतं देऊन टाकावं. आता ते कुणाच्या खोलीत जाणार आहे? मला एकटीला एवढं मोठं कपाट काय करायचं? माझी भांडी एका फळीवर मावतात.

तेव्हा दारं चंदूबरोबर पाठवून द्या. यापुढे तुम्हाला त्रास देणार नाही. या वेळी त्यांच्याबरोबर काही पाठवू नका. दारांत काही ठेवताही येत नाही.

जयवंती


वडपाडा
२४ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई,

मी हेच लिहिणार. काडी मोडली ती त्या दोघांची. पंचांनी तुमच्या-माझ्या हातात काही दिलं नव्हतं.

चहाचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही कप हातात धरून तो गार होऊ दिलात आणि प्यायला नाहीत, ते मी पण पाहिलं. तुमच्या बाजूच्या एवढ्या माणसांत तुम्ही एकट्याच चहा न पिता बसला होता.

कविता भात झोडपायला लागली आहे. खाते, झोपते. खालच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा आहे, तिथे अर्ज करते म्हणाली. तुम्ही तिला काय बोललात ते तिच्या लक्षात आहे. तुम्ही म्हणालात, भाकरी गरम असतानाच खात जा, दुसऱ्यांना वाढून मग शेवटी गार खायची नाही. ती आता तशीच खाते, तव्यावरून थेट. हे बघत राहतात.

दारं चंदूबरोबर पाठवत नाही. तो टपावर नुसती ठेवतो आणि एक दिवस घाटात टाकून येईल. कपाट साहेबांच्या बायकोला देऊ नका. तिने वरून रंग दिला की परत कुणाला तरी महिनाभर खरवडावं लागेल आणि ते कुणाला आवडणार नाही. पिस्ता आणि तांबडं वाईट दिसतं हे मी लिहिलं होतं. आता वाटतं, दिसू दे. ज्याने जे रंगवलं ते तसंच राहू दे. तुमच्या घरी कोण मोठं बघायला येणार आहे.

माझ्या खांद्याचं तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरकडे यायचंच आहे, मे महिन्यापासून राहिलं आहे. भाताची कापणी आटपली. हे म्हणाले, जा, दोन दिवस राहून ये, गुरांचं मी बघतो. तेव्हा शुक्रवारी चंदूच्या जीपमध्ये दारं मांडीवर घेऊन बसेन आणि तुमच्याकडे येईन. नव्या तांदळाचं पोतंही आणते, म्हणजे तुम्ही रिकाम्या हाताने आली म्हणणार नाही.

बिजागऱ्या बसवायला दोन माणसं लागतात, एकाने दार धरायचं आणि दुसऱ्याने स्क्रू आवळायचे. माझा हात वर जात नाही, तेव्हा वरची दारं तुम्ही आवळा, मी खालून धरते. खालच्या दारांना मी बसून आवळेन, तुम्ही धरा.

दारं वाळली आहेत. मी रोज बोट लावून बघते.

तुमची विहीण,
पारू